तिसऱ्या मालकाचा ट्रॅक्टर

कृषी अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात ट्रॅक्टरचं आयुष्य ठरवून दिलेलं असतं: 10 वर्षं किंवा 10,000 तास. तेवढं काम झालं की त्याची किंमत मूळ किमतीच्या 10 टक्के धरायची, म्हणजे भंगाराची. खर्चाचा हिशोब शिकवायला हे गणित ठीक आहे. पण फलटण, नेवासा, माजलगाव, चाळीसगाव, कुठल्याही तालुक्याच्या रस्त्याला लागलं की या गणितानुसार केव्हाच वितळून जायला हवे होते असे ट्रॅक्टर कामावर निघालेले दिसतात. बॉनेटचा रंग दोनदा बदललेला, तासांचं मीटर बंद, सायलेन्सरला वेल्डिंगचे टाके, आणि मागे पलटी नांगर. सीटवर बसलेला मालक तिसरा असतो, कधी चौथाही.

ट्रॅक्टरचा इतिहास सांगायचा म्हटलं की कारखान्यांची नावं आणि नव्या विक्रीचे आकडे पुढे येतात. 2022-23 मध्ये देशात नऊ लाखांहून जास्त नवे ट्रॅक्टर विकले गेले. संख्येनं पाहिलं तर जगात सर्वाधिक ट्रॅक्टर भारतातच बनतात. तरीही महाराष्ट्रातल्या असंख्य लहान शेतकऱ्यांच्या घरी पहिला ट्रॅक्टर शोरूममधून आला नाही, दुसऱ्याच्या दारातून आला. राज्यातलं सरासरी वहितीखातं 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होतं. 2015-16 च्या कृषिगणनेत ते 1.34 हेक्टरवर आलं. तीन-साडेतीन एकरांवर नव्या ट्रॅक्टरचा हप्ता निघत नाही. जुना घेतला, घरची नांगरट केली, उरलेल्या वेळात भावकीतल्या आणि शेजाऱ्यांच्या रानात भाड्यानं चालवला, तर मात्र निघतो. ट्रॅक्टर सामान्य शेतकऱ्यापर्यंत पोचला तो या वाटेनं, आणि ही वाट कारखानदारांइतकीच जुन्या गाड्यांच्या दलालांनी, लेथवाल्यांनी आणि मिस्त्रींनी घातली. त्यांचा इतिहास फारसा कुणी लिहिलेला नाही.

यंत्र रानात यायला नेहमीच वेळ लागला. 1903 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडामुळे जमीन विषारी होते या समजुतीनं शेतकरी तो हातात घ्यायला तयार नव्हते. 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढच्या काळात तोच नांगर घरोघरी गेला. लोखंडाची भीती मोडायला एवढी धडपड करावी लागली, तर इंजिनाची गोष्ट दूरच होती.

स्वातंत्र्याच्या वर्षी केंद्र सरकारनं सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन ही संस्था काढली. मध्य भारतातल्या लाखो एकर काळ्या जमिनी कासानं व्यापल्या होत्या. या गवताची मुळं इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराला ती निघत नाहीत. त्या जमिनी मोडायला या संस्थेनं पहिल्यांदा जी यंत्रं वापरली ती होती दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्यानं मागे सोडलेली, साखळीच्या चाकांची. म्हणजे स्वतंत्र भारतातल्या सरकारी ट्रॅक्टरांची सुरुवातच वापरलेल्या गाड्यांनी झाली. पुढं 1949 मध्ये जागतिक बँकेनं भारताला दिलेल्या अगदी पहिल्या कर्जांपैकी एक, 1 कोटी डॉलरचं, याच कामाच्या यंत्रांसाठी होतं. 1951 मध्ये साऱ्या देशात मिळून ट्रॅक्टर होते साधारण साडेआठ हजार.

महाराष्ट्राच्या रानात जुन्या गाड्यांची जी घराणी आजही चालतात, त्यांचा उगम मात्र वेगळा आहे आणि तो शोधत गेलं की युरोपभर फिरावं लागतं.

पहिलं घराणं मॅसी फर्ग्युसनचं. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं 1930 च्या दशकात एक मोठा प्रश्न सोडवला. त्याआधी ट्रॅक्टर नांगराला साखळीनं ओढायचा. नांगर खडकाला किंवा मुळाला अडकला की मागची चाकं जागच्या जागी फिरायची, पुढचं तोंड वर उठायचं आणि गाडी चालकाच्या अंगावर उलटायची. फर्ग्युसननं नांगर तीन बिंदूंवर थेट गाडीला जोडला आणि हायड्रॉलिक लिफ्टशी त्याची सांगड घातली. ओढ वाढली की लिफ्ट नांगर किंचित वर घेते आणि त्याचा भार मागच्या चाकांवर येतो. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड काम करू लागला. इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीत 1946 पासून बनलेला त्याचा करड्या रंगाचा टीई-20 पाच लाखांहून अधिक तयार झाला. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी जानेवारी 1958 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचले तेही याच ट्रॅक्टरवरून. आज कुठल्याही बनावटीच्या ट्रॅक्टरमागे जी तीन बिंदूंची जोडणी दिसते ती मुळात फर्ग्युसनची.

टीई-20 नंतर आलेल्या मॅसी फर्ग्युसन 35 चं पहिलं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन थंडीत चालू व्हायला फार त्रास द्यायचं. म्हणून 1959 मध्ये त्याच्या जागी पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन बसवलं गेलं, आणि गाडीचं नशीब पालटलं. 1960 मध्ये मद्रासला टॅफे कंपनी स्थापन झाली आणि हे घराणं इकडे आलं. मद्रासमध्येच सिम्पसन कंपनी पर्किन्सच्या धर्तीची इंजिनं बनवत होती. 'मॅसी 1035' या नावानं गावोगावी माहीत असलेली गाडी या वंशातली. मूळ देशात ती कधीच इतिहासजमा झाली. इथं मात्र तोच आराखडा थोड्याफार बदलानं पिढ्यान्‌पिढ्या बनत राहिला, आणि जुनी गाडी पुन्हा उभी राहण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीला लागणारा भाग कालच्या गाडीलाही लागत असेल, तर तो तालुक्याच्या दुकानात मिळतोच.

दुसरं घराणं मुंबईचं. 1963 मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर या तिघांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. कांदिवलीत बनू लागलेला बी-275 हा इंग्लंडच्या डोंकास्टरमधल्या कारखान्याचा आराखडा होता, 35 अश्वशक्तीचा. 1977 मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. डोंकास्टरला बी-275 चं उत्पादन 1960 च्या दशकातच थांबलं. इथं 275 हा आकडा नव्या गाड्यांच्या बॉनेटवर अजून आहे.

तिसरं आयशरचं. जर्मनीत म्युनिकजवळच्या फोर्स्टर्न गावातल्या आयशर बंधूंच्या सहकार्यानं फरिदाबादला 24 एप्रिल 1959 रोजी जो ट्रॅक्टर बाहेर पडला, तो भारतात तयार झालेला पहिला. आयशरची खूण म्हणजे हवेनं थंड होणारं इंजिन. रेडिएटर नाही, पाणी नाही, होजपाइप फुटायची भीती नाही. पाण्याच्या थेंबाला महाग असलेल्या भागात हा गुण शेतकऱ्यांनी लगेच हेरला. 25 अश्वशक्तीचं आयशर 242 एकाच सिलिंडरवर चालतं, आणि त्याचा ठोका दोन शेतं पलीकडून ओळखू येतो. मिस्त्रींना ही गाडी आवडते, कारण खोलायला भागच कमी.

बाकीची घराणीही अशीच दूरदूरची. झेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहराचा झेटॉर एचएमटीच्या पिंजोरच्या कारखान्यात 1971 पासून बनू लागला. फोर्ड एस्कॉर्ट्सबरोबर फरिदाबादला आला. फोर्ड 3600 ला जुन्या बाजारात आजही मान आहे. संपूर्ण देशी आराखड्याचा मान स्वराजचा. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत तो आखला गेला आणि 1974 मध्ये पंजाब ट्रॅक्टर्सनं मोहालीतून बाजारात आणला. नाशिकलाही त्याच सुमारास किर्लोस्करांनी जर्मन डॉइट्झच्या सहकार्यानं ट्रॅक्टर काढला होता, पण तो कारखाना टिकला नाही.

कारखाना बंद पडल्यावर त्याच्या गाड्यांचं काय होतं, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या मिस्त्रींना फार लवकर सोडवावा लागला. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात संकरित बियाणं आलं, विहिरींवर पंप आले, आणि ट्रॅक्टरची मागणी एकदम वाढली. देशी कारखान्यांना ती पुरवता येईना. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. म्हणून सरकारनं पूर्व युरोपातून गाड्या आणल्या: सोव्हिएत डीटी-14 आणि बेलारूस, पोलंडचा उर्सूस, पूर्व जर्मनीचा आरएस-09, झेकोस्लोव्हाकियाचा झेटॉर. राज्याराज्यांतल्या कृषी उद्योग महामंडळांकडे त्यांच्या वाटपाचं काम होतं. महाराष्ट्राचं महामंडळ 1965 सालचं. गाड्या आल्या, पण त्यांच्यामागे सुट्या भागांची साखळी आली नाही. एक बेअरिंग गेलं की गाडी परसात उभी.

इथं उपयोगी पडली ती ऑइल इंजिनं बांधायला शिकलेली पिढी. ट्रॅक्टर येण्याआधीच विहिरींवरच्या डिझेल इंजिनांनी गावागावांत मिस्त्री घडवले होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्र्या आणि लेथ होते, ऑइल इंजिनं तिथंच बनत होती. या लोकांनी रशियन गाडीला देशी बेअरिंग बसवलं, बुश लेथवर कातून घेतला, तुटलेल्या भागाचा लाकडी साचा करून बिडात ओतला. कागदावर आराखडा नसताना मोडक्या भागाचं माप घेऊन नवा भाग करायचा ही विद्या तेव्हाची. तिच्या जोरावरच बंद पडलेल्या कंपन्यांच्या गाड्या आजवर चालल्या. केंद्रानं 2016 मध्ये एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला, तरी एचएमटी रानातून नाहीशी झाली नाही. राजकोट आणि लुधियानाचे कारखाने तिचे भाग बनवत राहिले, दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या घाऊक बाजारातून ते खाली येत राहिले.

जुन्या गाड्यांचा पुरवठा वाढला तो ऊस आणि कर्ज या दोन गोष्टींमुळे. प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यानंतर पुढच्या दशकांत कारखान्यांची रांग लागली, आणि ट्रॅक्टरला नांगरटीबरोबर दुसरं काम मिळालं: दोन ट्रॉल्या जोडून ऊस ओढायचा. हंगामात रात्रंदिवस चाललेली गाडी काही वर्षांत इंजिनाला येते. वाहतूकदार ती विकून नवी घेतो, आणि ती कोरडवाहू पट्ट्यातल्या शेतकऱ्याकडे जाते. दुसरा ओघ कर्जाचा. भूविकास बँकेनं आणि पुढे इतर बँकांनी जमीन तारण ठेवून ट्रॅक्टरला कर्ज दिलं. एक-दोन दुष्काळ पडले की हप्ते थकले, जप्ती आली, लिलाव झाला. एका घराचं मोडलेलं स्वप्न दुसऱ्यानं निम्म्या किमतीत विकत घेतलं, हे या व्यापारातलं कटू सत्य आहे आणि ते झाकून हा इतिहास सांगता येणार नाही.

याच काळात बैल मागे पडत गेले. 1972 च्या दुष्काळात चाऱ्याविना जनावरं गेली आणि अनेकांच्या दावणी कायमच्या रिकाम्या झाल्या. कामाला दोन-तीन महिने आणि चारा बारा महिने, हे गणित लहान खातेदाराला झेपेना. मार्च 2015 मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि थकलेल्या बैलाचा बाजारभाव कोसळला. पूर्वी जुनी जोडी विकून त्यात भर घालून नवी आणता येई. तो मार्ग आखडला. जुन्या ट्रॅक्टरला मात्र कुठल्याही दिवशी गिऱ्हाईक मिळतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी, नांगरटीच्या आधी, तर जास्तच.

गाडी पाहायला जायचं ते सकाळी, आणि सोबत मिस्त्री घेऊनच. मुरलेला मिस्त्री गाडी चालू करायच्या आधी इंजिनावर हात ठेवतो. गरम लागलं तर समजायचं की मालकानं आधीच चालू करून ठेवलं आहे, म्हणजे गार असताना ते सहज उठत नाही. मग ऑइलची काडी ओढून बघायची. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी उतरतंय. चालू केल्यावर सायलेन्सरपेक्षा ब्रीदरकडे लक्ष द्यायचं. तिथून भकभक धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिनानं काम काढलं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पंप-नोझलची भानगड. नांगर उचलून इंजिन बंद करायचं आणि चहा होईपर्यंत थांबायचं. नांगर लगेच खाली बसला तर लिफ्टला काम आहे. पुढचं चाक जॅकवर घेऊन हलवायचं, गिअर भाराखाली सुटतो का पाहायचं, टायर मोजायचे. मागच्या टायरांची जोडी संपलेली असेल तर सौद्यातून मोठी रक्कम तिथंच कमी करून घ्यावी लागते.

इंजिन खोलल्यावरचं काम ठरलेल्या क्रमानं चालतं. लाइनर-पिस्टनचा संच बदलतो, व्हॉल्व्ह घासून बसवतात, क्रँक ग्राइंडिंगला जातो. क्रँक जितका घासला जाईल तितकं जाड बेअरिंग लागतं, 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर घासलेल्या क्रँकच्या मापाचं. तीन-चारदा घासलेल्या क्रँकला पुढचं माप उरत नाही, म्हणून जुन्या गाडीचा हा इतिहास विचारून घेतलेला बरा. डिझेल पंप स्वतंत्र माणसाकडे जातो. बंगळूरच्या मायको कंपनीचे पंप 1950 च्या दशकापासून देशभर इतके पसरले की ग्रामीण भागात पंप दुरुस्त करणाऱ्याला मायकोवालाच म्हणतात. तो यंत्रावर प्रत्येक नोझलला जाणारं डिझेल मोजून सारखं करतो. इंजिन बांधून झालं की लगेच खोल नांगरटीला जुंपायचं नाही. आधी हलकी कामं, वखरणी, पाळी. मग ऑइल बदलून जड काम. घाई करून नवा लाइनर धरवून बसलेल्यांची उदाहरणं प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतात.

हे सगळं शक्य होतं, कारण या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नाहीच. पंप यांत्रिक, गिअर यांत्रिक, आणि एकदा इंजिन उठलं की त्याला विजेची गरजही पडत नाही. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले. अशा अनेक इंजिनांत आता कॉमन रेल पद्धत आणि संगणकीय नियंत्रण आहे. हवा स्वच्छ राहण्यासाठी ते हवंच. पण त्या गाड्या जुन्या होतील तेव्हा त्यांना पाना नव्हे, स्कॅनर लावावा लागेल, आणि ते शिक्षण आजच्या गॅरेजवाल्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी कंपन्यांनी आणि आयटीआयनी घेतली पाहिजे. नाहीतर नव्या गाडीचा तिसरा मालक कुणी होणारच नाही.

कागदांची बाजू लोक सर्वांत हलक्यात घेतात. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म 35 लागतो, नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म 28. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पहिली 15 वर्षं चालते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. तरीही तीन हात फिरलेली गाडी पहिल्याच मालकाच्या नावावर असल्याचं सर्रास आढळतं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या एका निकालात स्पष्ट केलं की वाहन कितीही हात फिरलं तरी अपघाताच्या भरपाईला आरटीओच्या नोंदीवरचाच मालक जबाबदार. तेव्हा विकणाऱ्यानंच घेणाऱ्यापेक्षा जास्त घाई करून नाव बदलून द्यावं.

आणि एक काम इंजिनाच्या आधी करावं. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. मळणी यंत्राजवळ वाकलेल्या बाईचा पदर किंवा म्हाताऱ्याच्या धोतराचा सोगा त्यात गेला तर क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. जुन्या गाडीवरचं पीटीओचं कव्हर बहुतेक वेळा आधीच्या मालकाच्या परसात पडलेलं असतं. सौदा करताना ते मागून घ्या. नसेल तर नवं बसवा, ते इंजिनाच्या खर्चापुढे काहीच नाही. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावा, आणि उसाच्या हंगामात अंधार पडल्यावर दिव्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.